वाचकांचे प्रश्न : इन्सब्रुकमधला ग्लास, त्याचे माप आणि भाव

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला शिकायला किंवा बर्फात फिरायला जाणाऱ्या वाचकांचे तिथल्या बारविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. हिशोबासाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरले आहेत. निघण्याच्या आठवड्यात दर पाहून आकडे थोडे मागेपुढे करून घ्यावेत.

फेब्रुवारीत आम्ही चौघे मित्र इन्सब्रुकला चाललो आहोत. रोज संध्याकाळी दोन-दोन ग्लास घ्यायचे तर किती पैसे धरावेत? प्रत्येक जण वेगळाच भाव सांगतो. – वाचक, बाणेर

भाव वेगळे ऐकू येतात, कारण सांगणारा ग्लासचे माप सांगत नाही. आपल्याकडे 'पाइंट' म्हटले की ३३० मिलीची बाटली समोर येते आणि 'फुल' म्हटले की ६५० मिलीची. इन्सब्रुकमध्ये बिअर बहुधा नळाची असते आणि ग्लास दोन मापांत मिळतो. लहान ग्लास ०.३ लिटरचा, त्याला 'झायडल' म्हणतात. मोठा अर्ध्या लिटरचा, त्याला 'हाल्बे' किंवा नुसते 'ग्रोसेस बिअर' म्हटले तरी चालते. मोठ्या ग्लासला साधारण ५ ते ६ युरो धरा. लहान ग्लास जेमतेम युरोभरच स्वस्त असतो, म्हणून दर मिलीमागे तो महाग पडतो. दोन लहान मागवण्यापेक्षा एक मोठा मागवावा.

वाइनची मापे आणखी वेगळी. 'आख्टेल' म्हणजे लिटरचा आठवा भाग, १२५ मिली. 'फियर्टेल' म्हणजे पाव लिटर. मेनूत वाइन स्वस्त दिसली तर आधी शेजारचे माप वाचा, तो बहुधा आख्टेलचा भाव असतो. पांढऱ्या वाइनमध्ये सोडा घालून मिळणारा 'श्प्रिट्सर' ४ ते ५ युरोंचा. बराच वेळ बसायचे असेल तर आमच्या मते हाच सर्वांत शहाणपणाचा ग्लास. कॉकटेलला १० ते १४ युरो मोजावे लागतात.

पेगवाल्यांची गल्लत श्नाप्सवर, म्हणजे तिथल्या कडक दारूवर होते. आपला मोठा पेग ६० मिलीचा, तर तिथले माप २ सेंटिलिटर, म्हणजे २० मिली. जर्दाळूचा, सफरचंद-नाशपातीचा किंवा डोंगरातल्या त्सिर्बे नावाच्या पाइनच्या कोवळ्या फळांचा श्नाप्स असा २० मिलीच येतो आणि त्याला साडेतीन ते पाच युरो पडतात. व्हिस्की ४ सेंटिलिटर मागितली तरी मोठ्या पेगपेक्षा २० मिली कमीच. उलट बिअरला हलके समजू नका. ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये २५ मिली शुद्ध अल्कोहोल असते. ४२.८ टक्क्यांच्या ६० मिली व्हिस्कीतही जवळपास तेवढेच. म्हणजे एक हाल्बे बरोबर एक मोठा पेग. यादीत 'बॉक' लिहिलेली बिअर दिसली तर ती साधारण ७ टक्क्यांची किंवा त्याहून कडक असते, तिचा अर्धा लिटर म्हणजे जवळजवळ दीड पेग.

आता तुमचा हिशोब. दोन मोठ्या बिअर ११ युरो, टिप १ युरो, म्हणजे माणशी १२. चौघांचे ४८ युरो, रुपयांत ४,८००. कॉकटेल घेतलेत तर हाच आकडा दुपटीच्या पुढे जातो. जेवण वेगळे. फुकटचा चखणा येत नाही, शेंगदाण्यांची वाटी आली तरी तिचे पैसे लागू शकतात. एक दिलासा आहे : मेनूवर छापलेल्या किमतीत कर धरलेला असतो. पुण्यात बिलाच्या तळाशी कर आणि सर्व्हिस चार्ज चढून रक्कम फुगते, तसे तिथे होत नाही.

पैसे देताना वाढपी विचारतो, 'त्सुझामन ओडर गेट्रेन्ट?' म्हणजे एकत्र की वेगवेगळे. वेगवेगळे म्हटले तर प्रत्येकाने आपण काय घेतले ते सांगायचे, तो तिथेच बेरीज करतो आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. टिप टेबलावर ठेवून निघायची पद्धत नाही. बिल ११.२० झाले तर नोट देताना 'त्स्वोल्फ', म्हणजे बारा, असे म्हणायचे. तो बाराच कापून बाकीचे परत करतो. सगळेच ठेवून घ्या म्हणायचे असेल तर 'श्टिम्ट सो'. पाच ते दहा टक्के पुरतात. लहान बारमध्ये कार्ड चालेलच असे नाही, म्हणून दहा-वीसच्या नोटा खिशात असाव्यात.

बसायचे कुठे यावरही भाव ठरतो. 'गोल्डेनेस डाखल' या सोनेरी छपराच्या भोवतीचा जुना गाभा आणि मारिया-तेरेझियन-श्ट्रासे इथे पर्यटकांचा भाव लागतो. रेल्वेच्या पुलाच्या कमानींखाली आणि विद्यापीठाच्या आसपास तो उतरतो. सुपरमार्केटमध्ये अर्ध्या लिटरचा कॅन एक-दीड युरोत मिळतो. त्यावर २५ सेंट अनामत लागते, १ जानेवारी २०२५ पासून कॅन आणि प्लास्टिकच्या बाटल्यांना ती लागू झाली. दुकानातल्या यंत्रात रिकामा कॅन टाकला की पावती मिळते. कॅन चेपू नका, यंत्राला त्यावरचा कोड वाचता आला नाही तर पैसे बुडतात. रविवारी बहुतेक दुकाने बंद, तेव्हा शनिवारी दुपारीच घेऊन ठेवा. शहराच्या मध्यातल्या काही ठरलेल्या भागांत रस्त्यावर पिण्यास बंदी आहे, तिथले फलक पाहा आणि कॅन खोलीवरच उघडा.

मुलगी १९ वर्षांची आहे, इन्सब्रुक विद्यापीठात शिकायला चालली आहे. तिथे मुले रात्री कुठल्याशा पुलाखालच्या बारमध्ये जातात असे कळले. ती जागा कशी आहे? कायदा काय? – एक आई, कोथरूड

तो पूल म्हणजे रेल्वेचा लांबलचक दगडी मार्ग. १८५८ साली इन्सब्रुकला रेल्वे आली तेव्हाचा तो आहे. त्याच्या कमानींना 'बोगन' म्हणतात. कमानी भिंतींनी बंद करून आत वर्कशॉप, गोदामे, बार, संगीताच्या जागा झाल्या आहेत. वरून गाडी जाते, खाली गाणे चालू असते. आपल्याकडे फर्ग्युसन रस्त्यावर कॉलेजची मुले जमतात तशी तिथे जमतात, फरक इतकाच की तिथली गर्दी रात्री अकरानंतर वाढते. आडबाजूची जागा नव्हे ती, शहराच्या मध्यापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. पण शुक्रवारी-शनिवारी उत्तररात्री बाहेर दारू चढलेल्यांची भांडणे होऊ शकतात, तेव्हा मुलींनी एकटीने नव्हे, दोघी-तिघींनी मिळून निघावे हे बरे.

ऑस्ट्रियात बिअर आणि वाइन १६ व्या वर्षापासून, कडक दारू १८ व्या वर्षापासून चालते. म्हणजे तुमच्या मुलीला तिथे सगळेच कायदेशीर आहे. सुट्टीत पुण्यात आल्यावर मात्र महाराष्ट्राचा नियम लागू : बिअर-वाइन २१, कडक दारू २५, शिवाय परवाना. हे तिला स्पष्ट सांगून ठेवा, मुलांच्या डोक्यात हा फरक राहत नाही. दारात वय विचारले तर ओळखपत्र लागते. पासपोर्ट रोज घेऊन हिंडण्यापेक्षा निवास परवान्याचे कार्ड मिळाले की ते जवळ ठेवावे.

परतीची सोय निघण्याआधीच पाहावी. शहरात रात्रबस असतात, पण त्यांत अंतर मोठे असते. एक चुकली की थंडीत ताटकळावे लागते. सायकलने परतणे ही तिथल्या विद्यार्थ्यांची नेहमीची चूक. सायकलस्वारालाही मर्यादा आहे, रक्तात दर हजारी ०.८. मोटारीला ती ०.५ आणि नवशिक्या चालकाला ०.१. पोलिसांचा क्रमांक १३३, रुग्णवाहिकेचा १४४, आणि युरोपभर चालणारा ११२. हे तीन तिच्या फोनमध्ये आजच घालून द्या. आपला ग्लास टेबलावर सोडून नाचायला जाऊ नये, परत आल्यावर तो पिऊ नये. ही काळजी कुठल्याही शहरात घ्यायचीच.

धुराची चिंता असेल तर ती करू नका. १ नोव्हेंबर २०१९ पासून बार आणि हॉटेलांत आत सिगारेट ओढायला बंदी आहे.

उंचावर दारू लवकर चढते म्हणतात. आल्प्समध्ये कमी प्यावी का? – वाचक, सातारा रस्ता

इन्सब्रुक शहर समुद्रसपाटीपासून ५७४ मीटरवर आहे आणि पुणे सुमारे ५६० मीटरवर. चौदा मीटरने काही बिघडत नाही. डोंगर आहेत ते शहराच्या भोवती. केबल कारने झेग्रूबेला १,९०५ मीटरवर जाता येते, त्याच्याही वर हाफेलेकार. तिथे दम लवकर लागतो, अंगातले पाणी कमी होते, आणि त्यात दारू पडली की डोके दुखते.

खरा धोका थंडीचा आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब आल्यासारखे वाटते, पण त्याच वाटेने शरीराची उष्णता बाहेर जाते. जानेवारीत शून्याखाली पाच अंश असताना दोन ग्लासांनंतर जॅकेट उघडे टाकून चालत निघालेला माणूस गारठतो, आणि ते त्याला उशिरा कळते. 'यागाटे' या तिथल्या गरम पेयाच्या नावात चहा असला तरी त्यात रम भरपूर असते. गरम आणि गोड असल्याने तो घशाला लागत नाही, म्हणून एकावर थांबावे. आणि स्कीइंग संपेपर्यंत काहीच घेऊ नये. अपघातात हेलिकॉप्टर बोलवावे लागले तर बिल हजारो युरोंचे येते, आणि प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसी दारू प्यायलेल्याचा दावा नाकारतात. पॉलिसीतले ते कलम निघण्यापूर्वी वाचाच.

नाताळच्या बाजारात मिळणारी गरम वाइन आम्ही घरी करून पाहिली. कडू आणि गढूळ झाली. काय चुकले? – वाचक, औंध

तिन्ही चुका एकदम झाल्या असाव्यात : वाइन उकळली, मसाल्याची पूड घातली, आणि संत्र्याची साल पांढऱ्या भागासकट टाकली. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळते. पातेल्याला उकळी फुटली की ते झपाट्याने उडू लागते आणि रस तुरट होतो. उलट दालचिनी-लवंगेचा स्वाद उतरायला उकळी लागते. म्हणून दोन्ही कामे वेगळी करायची.

साध्या लाल वाइनची ७५० मिलीची एक बाटली घ्या. गोड नको, नाशिकची कोरडी शिराझ उत्तम, महागाची मुळीच नको. स्टीलच्या पातेल्यात १०० मिली पाणी, ५० ते ६० ग्रॅम साखर, बोटभर दालचिनी, ४ लवंगा आणि एक चक्रीफूल घालून मंद आचेवर १० मिनिटे उकळा. आपल्या वाण्याकडे मिळणारी जाड सालीची दालचिनी उग्र असते, ती असेल तर अर्धेच बोट घ्या. मग आच बंद करून पाच मिनिटे थांबा. त्यात वाइन, एका संत्र्याच्या वरच्या केशरी सालीच्या दोन पट्ट्या आणि अर्ध्या संत्र्याचा रस घाला. संत्र्याची साल पातळ असते, सुरी खोल गेली की पांढरा भाग येतोच, म्हणून सोलाणे वापरा. आता ७० अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर वाफ दिसू लागली आणि कडेला बारीक बुडबुडे धरले की बस. झाकण ठेवून २० मिनिटे मुरू द्या, गाळा, प्या. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नका, वाइनच्या आंबटपणाने धातूची चव उतरते. उरलेली वाइन सकाळी पुन्हा तापवलीत तर लवंग फार वर येते, म्हणून मसाले रात्रीच गाळून काढावेत.

तिकडच्या बाजारात ही 'ग्लूवाइन' साधारण ४ ते ५ युरोंना मिळते. शिवाय मगासाठी 'फांड' म्हणजे अनामत घेतात. तो परत दिला की पैसे परत. दर बाजाराचा मग वेगळा असतो, तेव्हा ज्या बाजारात घेतला तिथेच द्या.

मी पीत नाही आणि शाकाहारी आहे. कंपनीतले सहकारी बारमध्ये नेतात तेव्हा काय मागवावे? – वाचक, हिंजवडी

'आल्मडुडलर' हे वनस्पतींच्या स्वादाचे सरबत, 'ओबी गेश्प्रिट्स्ट' म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस, किंवा 'स्कीवासर', रास्पबेरी आणि लिंबाचे. 'रॅडलर' सरबतासारखे लागते, पण ते अर्धी बिअर आहे. 'आल्कोहोलफ्राय' बिअरमध्येही अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकते, पूर्ण वर्ज्य असेल तर तीही नको. नळाचे पाणी डोंगरातल्या झऱ्यांचे, निर्धास्त प्या. ते 'लाइटुंग्सवासर' म्हणून मागावे लागते, नुसते 'वासर' म्हटले तर पैशांची बाटली येते.

अंडे चालत असेल तर खाण्यात 'केझेश्पेट्सले' मागवा, चीजमधले अंडे घातलेल्या पिठाचे तुकडे. वर तळलेला कांदा असतो, 'श्पेक' म्हणजे डुकराचे मांस नको असे सांगून ठेवा. 'कासप्रेसक्नोडल' या चीजच्या गोळ्यात अंडे असले तरी मांस नसते, पण तो बहुधा गोमांसाच्या रश्श्यात वाढतात. 'मिट झालाट' म्हणजे सॅलडबरोबर मागितला की प्रश्न मिटतो. ग्लास उचलताना 'प्रोस्ट' म्हणत समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे, हातात सरबत असले तरी.

येताना श्नाप्स आणि रम किती आणता येते? – वाचक, कॅम्प

भारतात प्रत्येक प्रवाशाला २ लिटर शुल्काविना, त्यात वाइन, बिअर, दारू सगळे धरून. चेक-इन बॅगेत २४ ते ७० टक्क्यांपर्यंतची दारू सीलबंद बाटलीत माणशी ५ लिटरपर्यंत विमानात चालते, पण कस्टमचे २ लिटर कायम राहतात. ७० टक्क्यांच्या वरची दारू विमानात नेताच येत नाही. ऑस्ट्रियाची 'श्ट्रो' रम प्रसिद्ध आहे, तिच्यावर ८० लिहिलेले असेल तर ती ८० टक्क्यांची आणि विमानतळावर जप्त होणार. दुकानात ४० किंवा ६० आकड्याची बाटली मागा. बाटली मोज्यात घालून बॅगेच्या मधोमध कपड्यांत ठेवा, कडेला नको. ड्यूटी फ्रीतली घेतलीत आणि मुंबई किंवा दिल्लीहून पुण्याचे विमान पकडायचे असेल, तर कस्टममधून बाहेर पडल्यावर ती चेक-इन बॅगेत सरकवा आणि मगच बॅग पुढे द्या.