प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाच्या क्षेत्रात मुलीने जावे का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र लक्षपूर्वक वाचले. आपली मुलगी जैवतंत्रज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्राण्यांची कत्तल तिला लहानपणापासून सहन होत नाही, आणि म्हणून प्राण्याला न मारता त्याच्या पेशींपासून मांस वाढवण्याच्या कामातच पुढील आयुष्य घालवायचे, असे तिने ठरवले आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी तिच्यासमोर दोन पर्याय आहेत: खास याच क्षेत्राच्या नावाने नुकताच सुरू झालेला अभ्यासक्रम आणि बायोप्रोसेस अभियांत्रिकीचा, म्हणजे जिवंत पेशींच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर उत्पादन कसे करायचे हे शिकवणारा, जुना, रुळलेला अभ्यासक्रम. तिचा ओढा पहिल्याकडे आहे. हे क्षेत्रच काही वर्षांत मिटले तर तिने काय करायचे, ही आपली काळजी आहे.

माझे मत असे की तिने ध्येय मुळीच बदलू नये, मात्र अभ्यासक्रम दुसरा निवडावा. ही केवळ सुरक्षिततेसाठी सुचवलेली तडजोड नाही. या क्षेत्राची गाडी आज ज्या ठिकाणी अडली आहे, तिथे नेमक्या त्याच विषयाच्या माणसांची गरज आहे, असे मला वाटते.

मांस पेशींपासून वाढवता येते का, या प्रश्नाचे उत्तर २०१३ मध्येच मिळाले. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठातील शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी गाईच्या स्नायूंमधील मूळ पेशी वाढवून त्यांचे सुमारे वीस हजार बारीक तंतू तयार केले आणि त्यांपासून बनवलेला बर्गर लंडनमध्ये सर्वांसमक्ष शिजवून खाल्ला गेला. त्या एका बर्गरसाठी सुमारे अडीच लाख युरो खर्च झाले होते. तेव्हापासूनचा खरा प्रश्न जीवशास्त्राचा कमी आणि उत्पादनाचा अधिक आहे: काचेच्या लहान भांड्यात जे साधते, ते हजारो लिटरच्या टाकीत, सामान्य माणसाला परवडेल अशा खर्चात कसे साधायचे?

हा प्रश्न वरवर वाटतो त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. प्राण्यांच्या पेशींना जिवाणूंसारखी किंवा यीस्टसारखी टणक पेशीभित्तिका नसते, त्यामुळे टाकीतील द्रव जोरात घुसळला किंवा हवेचे बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटले तरी त्यांना इजा होते. आणि घुसळले नाही तर ऑक्सिजन सर्वत्र पोहोचत नाही, कारण तो पाण्यात फारच थोडा विरघळतो. पेशी वाढतात तसतसे लॅक्टेट आणि अमोनिया हे त्यांचेच टाकाऊ पदार्थ साचत जातात आणि त्यांचीच वाढ रोखतात. शिवाय या पेशींना दुप्पट होण्यास साधारण एक दिवस लागतो, तर अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. टाकीत एखादा जरी जिवाणू शिरला, तरी काही आठवड्यांची मेहनत एक-दोन दिवसांत वाया जाऊ शकते. औषधनिर्मितीच्या कारखान्यांत प्राण्यांच्या पेशी वीस हजार लिटरच्या टाक्यांतही वाढवल्या जातात, परंतु तेथून निघणारे औषध मिलिग्रॅममध्ये वापरले जाते आणि त्याला मोठी किंमत मिळते. मांस किलोने विकावे लागते. म्हणून औषधांसाठी चालणारी निर्जंतुकता आणि शुद्धता अन्नाच्या खर्चात कशी बसवायची, हे ज्याला सोडवता येईल त्याची या क्षेत्राला सर्वांत अधिक गरज आहे. वस्तुमान आणि उष्णतेचे वहन, टाकीची रचना, प्रक्रियेचे नियंत्रण, खर्चाचे गणित हे सारे बायोप्रोसेस अभियांत्रिकीत मूळापासून शिकवले जाते. नव्या अभ्यासक्रमांत या विषयांना किती जागा मिळते, हे प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावे लागेल.

आता आपल्या काळजीविषयी. ती रास्त आहे. सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये पेशींपासून वाढवलेल्या कोंबडीच्या मांसाच्या विक्रीला जगात प्रथम परवानगी दिली, आणि जून २०२३ मध्ये अमेरिकेत अपसाइड फूड्स आणि गुड मीट या दोन कंपन्यांना विक्रीची मुभा मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इटलीने मात्र अशा मांसावर कायद्याने बंदी घातली, आणि २०२४ मध्ये फ्लोरिडा व अलाबामा या अमेरिकी राज्यांनीही तेच केले. २०२१ मध्ये या कंपन्यांत पैशांचा मोठा ओघ आला होता. तो पुढील वर्षांत झपाट्याने आटला, काही कंपन्या बंद पडल्या आणि काहींनी कर्मचारी कमी केले. हे क्षेत्र दहा वर्षांनी कोठे असेल, याची हमी देणारा सल्लागार भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. परंतु पेशी मोठ्या प्रमाणावर वाढवण्याचे कौशल्य लसी, प्रतिपिंडांची औषधे आणि पेशी-उपचार यांतही लागते. तिने ते कौशल्य नीट कमावले, तर मांसाच्या कंपन्यांचे वाईट दिवस तिला दुसऱ्या कामावर काढता येतील आणि पुढे परतही येता येईल.

आपल्या पत्रात नसलेली एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती तिने आताच जाणून घ्यावी. ज्या करुणेपोटी ती या क्षेत्राकडे वळते आहे, तिला धक्का बसेल असे काम प्रयोगशाळेत वाट्याला येऊ शकते. पेशी वाढवण्यासाठी पोषक द्रवात दीर्घकाळ गाईच्या गर्भातील वासराच्या रक्तापासून मिळणारे सीरम मिसळले जात आले आहे. कत्तलखान्यात गाभण गाय कापली गेल्यावर ते काढतात. २०१३ चा बर्गरही अशा सीरमच्याच आधारे वाढला होता. हे बदलत आहे. सिंगापूरने जानेवारी २०२३ मध्ये सीरमविरहित द्रवात वाढवलेल्या मांसाला मान्यता दिली, आणि मार्क पोस्ट यांच्या मोसा मीट या कंपनीने सीरमशिवाय स्नायूपेशी घडवण्याची आपली पद्धत २०२२ मध्ये शोधनिबंधातून जाहीर केली. तरीही शिकण्याच्या काळात अनेक प्रयोगशाळांत तिच्यासमोर सीरमची बाटली येईल. तिने प्रवेश घेण्यापूर्वी मार्गदर्शक प्राध्यापकांना याविषयी स्पष्ट विचारावे. हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही. उलट, सीरमला स्वस्त आणि खात्रीचा पर्याय शोधणे हाच संशोधनाचा मोठा विषय आहे, कारण त्या जागी वापरावे लागणारे वृद्धिघटक, म्हणजे पेशींना वाढण्याचा संदेश देणारी प्रथिने, अत्यंत महाग पडतात. तिची अस्वस्थता तिच्या प्रबंधाचा विषय होऊ शकते, आणि अशा कारणाने निवडलेल्या विषयावर माणूस कंटाळा न करता टिकून राहतो, असा माझा अनुभव आहे.

तिचा कल यंत्रांकडे आणि गणिताकडे अजिबात नसेल, तर मात्र माझा सल्ला बदलेल. अशा वेळी अन्नतंत्रज्ञान हा चांगला मार्ग आहे: लंडनच्या त्या बर्गरमध्ये चरबी नव्हती आणि चाखणाऱ्यांना ती उणीव जाणवली, म्हणजे पोत, चव आणि चरबी यांवरचे काम तेव्हापासूनच समोर आहे. अन्नसुरक्षा आणि परवान्यांचे काम हाही एक मार्ग आहे. अमेरिकेत पेशी काढण्यापासून वाढवण्यापर्यंतची देखरेख एका यंत्रणेकडे आणि तेथून पुढची दुसरीकडे अशी विभागणी आहे. अशा नियमांची आणि विज्ञानाची एकाच वेळी जाण असलेल्या व्यक्तीला कोणत्याही नव्या अन्नाच्या कंपनीत काम मिळू शकते.

या शेवटच्या वर्षात तिने एखाद्या पेशीसंवर्धन प्रयोगशाळेत काही महिने काम करावे, असे मी आग्रहाने सुचवेन; मांसाशी संबंध नसलेली प्रयोगशाळा असली तरी चालेल. हे काम शिस्तीचे आणि एकसुरी आहे. सुट्टीच्या दिवशीही पेशींचा द्रव बदलावा लागतो, आणि संसर्ग झाला की सारे फेकून पुन्हा आरंभ करावा लागतो. ते तिला मनापासून आवडले, तर तिच्या निर्णयाविषयी आपणही निश्चिंत व्हाल. सोबतच गुड फूड इन्स्टिट्यूट या संस्थेने या विषयावर उपलब्ध करून दिलेले विनामूल्य साहित्य तिने वाचावे. मात्र ही संस्था या क्षेत्राचा पुरस्कार करणारी आहे, हे लक्षात ठेवून वाचावे.

दोन्ही अभ्यासक्रमांचे विषयपत्रक आणि तेथील प्राध्यापकांच्या संशोधनाचे विषय आपण मला पाठवावेत. नव्या अभ्यासक्रमात बायोरिॲक्टरवर, म्हणजे पेशी वाढवण्याच्या टाकीवर, प्रत्यक्ष काम आणि किमान एका सत्राचा प्रकल्प असेल, तर मी माझ्या मताचा फेरविचार करीन. पुढचे पत्र मात्र तिने स्वतः लिहावे, आणि बायोप्रोसेसच्या कोणत्या भागाची तिला धास्ती वाटते, हे त्यात मोकळेपणाने सांगावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक