टोकियोत घर बघताना आधी मुलीची वाट बघा

तुम्ही ठाण्यातल्या वसंत विहारच्या, मिस्टरांची टोकियोला बदली झालीय, ऑफिस ओतेमाचीला, मुलगी साडेचार वर्षांची. ऑफिसजवळ छोटं घर घ्यावं की एडोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला यावं, आणि इतक्या शांत वस्तीत मुलीचं मन रमेल का, असं तुम्ही विचारलंय. मी पाचपाखाडीत वाढले आणि गेली नऊ वर्षं निशी-कासाईत राहते, दोन्ही मुलं इथेच मोठी होताहेत. माझं मत विचाराल तर निशी-कासाईलाच या.

मेट्रोच्या तोझाई लाइनने ओतेमाची वीसेक मिनिटांवर आहे. सकाळी गाडीला तुफान गर्दी असते, पण ठाण्याहून फास्ट लोकल पकडणाऱ्या माणसाला त्याची सवय असते. दिवसभर या वस्तीत वावरणार त्या तुम्ही आणि तुमची लेक. म्हणून घर बघायला जाल तेव्हा बाग, दवाखाना आणि शाळा मुलीच्या पावलांनी किती लांब आहेत ते मोजा. ग्योसेन पार्कात वॉर्डाचं छोटं प्राणीसंग्रहालय आहे, लाल पांडा, पेंग्विन, आणि तिकीट नाही. आमची धाकटी तिथेच चालायला शिकली असं म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी ठरलेल्या वेळी वस्तीतल्या भोंग्यांवरून एक संथ सूर वाजतो. खरं तर ते आपत्तीच्या सूचना देणारे भोंगे, पण तो सूर ऐकला की मुलं घसरगुंडीवरून उतरतात, सायकली उचलतात आणि कुणी हाक न मारता घरी निघतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी बाकावर बसून राहिले होते.

ही शांतता मात्र सगळ्यांनी मिळून सांभाळलेली आहे, आणि त्यात आपला वाटा काय हे मला उशिरा कळलं. नवीन घरात आलं की खालच्या, वरच्या आणि शेजारच्या घरी एखादा टॉवेल किंवा साबणाची पुडी घेऊन ओळख करून द्यायची इथे रीत आहे. मी गेले नाही. महिन्याभरात लिफ्टमध्ये चिठ्ठी लागली, ‘रात्री लहान मुलांच्या धावण्याचा आवाज येतो.’ कुणाचं नाव नव्हतं, पण रोख कुणावर ते मला कळलं. दुसऱ्या दिवशी टॉवेल घेऊन खाली गेले, मोडक्यातोडक्या जपानीत माफी मागितली, घरी येऊन जाड गालिचे अंथरले. खालच्या आजी आता मुलांना संत्री देतात. तुम्ही पहिल्या आठवड्यातच जा. कचऱ्याचंही तसंच. ओला-सुका करून भागत नाही, कुठल्या वारी काय टाकायचं ते ठरलेलं असतं, आणि कावळ्यांसाठी पिशव्यांवर जाळी नीट ओढावी लागते.

खासगी घर घेतलंत तर डिपॉझिट, घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम आणि दलाली धरून सुरुवातीलाच चार-पाच महिन्यांचं भाडं जातं. यूआर नावाच्या निमसरकारी गृहसंस्थेच्या वसाहतींत ती परत न मिळणारी रक्कम नाही, दलाली नाही, जामीनदारही लागत नाही. इमारती जुन्या असतात, पण मधे मोकळं आवार असतं. आधी तिथे चौकशी करा.

घरात आल्यावर 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. शाळेचं एक लक्षात ठेवा. परदेशी मुलांना इथे शाळा सक्तीची नाही, त्यामुळे सरकारी शाळा हवी असेल तर आपण होऊन अर्ज करावा लागतो. भारतीय अभ्यासक्रमाची शाळाही निशी-कासाईत आहे, पण फी कंपनी देणार का ते ठाण्यातून निघण्याआधीच लेखी घ्या.

आणि पुराचा नकाशा बघितल्याशिवाय सही करू नका. एडोगावा वॉर्डाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. 2019 मध्ये वॉर्डानेच काढलेल्या नकाशावर मोठ्या पुराच्या वेळी ‘इथे थांबू नका’ असं स्पष्ट छापलं होतं. 26 जुलै पाहिलेल्या आपल्या माणसांना जास्त सांगायला नको. मी वरचा मजला घेतला.

एकटं पडायची भीती वाटत असेल तर हेही सांगते, 2019 मध्येच योगेंद्र पुराणिक इथल्या वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. मराठी माणूस! स्टेशनजवळ तूरडाळ, पोहे सगळं मिळतं, बॅगेत जागा अडवू नका. पोळपाट-लाटणं मात्र आणा.

घर बघायला याल तेव्हा कळवा, पार्कात भेटू. सोमवार सोडून, त्या दिवशी प्राणीसंग्रहालय बंद असतं.