आल्बेरोबेल्लोला जाताय? हे वाचून जा

नुसत्या शंकूच्या छपरांवर भाळू नका, आधी गाव वसलं कसं ते समजून घ्या. दक्षिण इटलीच्या पुल्या प्रांतातलं हे शेतकऱ्यांचं गाव. नवी वस्ती वसवली की नेपल्सच्या राजाला कर द्यावा लागे. म्हणून कॉन्व्हेर्सानोच्या सरदारांची कुळांना ताकीद: चुना वापरायचा नाही, दगडावर दगड रचायचा. तपासणी आली की घर पाडून मोकळं! (सरदार भलतेच बेरकी.) १७९७ मध्ये राजानं गाव त्यांच्या तावडीतून सोडवलं, तेव्हा चुन्यात बांधलेलं पहिलं घर उभं राहिलं, 'काझा द'आमोरे'. ते चुकवू नका. गावातल्या रिओने मोंती या भागात दुकानांचीच गर्दी. त्यापेक्षा आया पिक्कोला या दुसऱ्या भागात निवांत फिरा, चपट्या चुनखडीचे थर जवळून बघा. मात्र तिथली घरं राहती आहेत, दारातून डोकावू नका.