ताईला मास्तरीण करू नका

सांगलीच्या विश्रामबागेतून एक आई लिहितात: "लेक चौथीत, मुलगा पहिलीत. संध्याकाळी माझे हात कणकेत असतात म्हणून धाकट्याचा अभ्यास लेक घेते. दहा मिनिटांत रडारड. ती म्हणते, 'ह्याला काही म्हणजे काही येत नाही.' तो पाटी भिरकावतो. खेळायला बसवलं तर हरला की सोंगट्या उधळतो. सासूबाई म्हणतात, 'मोठी हाईस न्हवं, जिंकू दे की त्याला.' आता लेक त्याच्याशी खेळायलाच तयार नाही, त्यात तिची शिष्यवृत्तीची परीक्षा. दोघं मिळून खेळतील, शिकतील असं वाटलं होतं. काय करू?"

तुमचं पत्र वाचून मला आधी लेकीचीच बाजू घ्यावीशी वाटली. दिवसभर शाळा, वर शिष्यवृत्तीचा अभ्यास, आणि घरी आल्यावर भावाची शिकवणी. शिकवायची दुसरी कुठली तऱ्हा तिला ठाऊक असणार? वर्गात जसं रागावलेलं ऐकलंय, तसंच ती रागावते. बरं, खेळायला बसली तर मोठी म्हणून हरायचं. अभ्यासात जबाबदारी हिची, खेळात माघारही हिचीच. मी तिच्या जागी असते तर मीही उठून गेले असते.

तेव्हा धाकट्याचा अभ्यास घेणं तिच्याकडून काढून घ्या, आजच. पहिलीतल्या पोराला पंधरा मिनिटं पुरतात. तेवढी तुम्ही द्या, नाहीतर त्याचे बाबा देतील. (पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. पोळ्या होईपर्यंत ते कुठं असतात?)

मुद्दाम हरणंही थांबवा. पोरांना ते कळतं, आणि असं जिंकण्यात त्यांनाही गंमत वाटत नाही. सवलत द्यायचीच तर डाव सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर ठरवून द्या: कॅरमला ताई डाव्या हातानं खेळणार. मग तो जिंकला तर खरा जिंकला, आणि ती हरली तरी तिचा मान जात नाही. सापशिडीत तर वयाचा प्रश्नच येत नाही, फासा कुणाची ताई ओळखत नाही. तिथं एकाऐवजी दोन फासे द्या. पाच आणि चार किती, हे त्याला सोंगटी पुढं सरकवायची म्हणून मोजावंच लागेल. ताईनं मधे बोलायचं नाही, एवढा एकच नियम. सोंगट्या उधळल्या तर ज्यानं उधळल्या त्यानं गोळा करायच्या आणि त्या दिवसापुरता डाव बंद. त्यावर भाषण नको.

आता शिष्यवृत्तीचं. दीड-दीडशे गुणांचे दोन पेपर, त्यात दुसऱ्यात बुद्धिमत्ता चाचणी. तिच्यातल्या आरशातली प्रतिमा आणि जलप्रतिमा ह्या प्रश्नांना धाकटा फार उपयोगी पडेल. घरातला छोटा आरसा त्याच्या हातात द्या. ताईनं आकृती बघून चारांपैकी एक पर्याय सांगायचा. मग त्यानं आरसा आकृतीच्या बाजूला उभा धरायचा, जलप्रतिमेला आकृतीच्या खाली, आणि बरोबर की चूक ते सांगायचं. उत्तर काढायचं तिनं, तपासायचं त्यानं. एरवी चुका काढून घेणारा पोरगा ताईची चूक सापडली की कसा उड्या मारतो बघा. आणि तीही चिडणार नाही, कारण चूक आरसा दाखवतोय. घडी घालून कापलेल्या कागदाच्या प्रश्नांनाही हेच: कात्री त्याच्या हातात, बिनटोकाची.

बाकी वेळ मात्र तिला तिचा द्या. तासभर दार लोटून बसली तर बसू दे. "त्यालाही घे की जवळ" असं बाहेरून म्हणू नका.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना समजावत बसू नका, डावात घ्या. बदाम सात तिघांत छान रंगतो. बावन्न पानं तिघांना सारखी वाटली जात नाहीत, एक जास्तीचं पान आजींना. धाकट्याच्या हातात सतरा पानं मावणार नाहीत, तर त्यानं खाली पसरून, उशीच्या आडोशाला ठेवावीत. सहाच्या आधी पाच की आठच्या पुढं नऊ, हे शिकवायला मास्तरीण लागत नाही. आणि इस्पिकची सत्ती दाबून आजींनी नातवालाच 'पास' म्हणायला लावलं, की 'जिंकू दे त्याला' हे त्या स्वतःच विसरतील.