कॅडीचा चॅम्पियन झाला, पण मधली वर्षं कुणी सांगितली?

प्रश्न : मी पुण्याजवळच्या एका गोल्फ कोर्सवर माळीकाम करतो. मुलगा अकरावीत आहे. सुट्टीच्या दिवशी तिथेच कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा उचलायला जातो, हातही चांगला बसलाय. एका मेंबरसाहेबांनी त्याला जे. एच. टेलर या इंग्रज खेळाडूबद्दल सांगितलं. तोही आधी कॅडी होता आणि पुढे पाच वेळा ब्रिटिश ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकला म्हणे. तेव्हापासून पोरगा कॉलेज सोडायचं म्हणतोय. काय करू?

उत्तर : नमस्कार,

साहेबांनी सांगितलं त्यात खोटं काही नाही. पण त्यांनी सुरुवात सांगितली आणि शेवट सांगितला. तुमच्या मुलाला गरज आहे ती मधल्या भागाची.

टेलर १८७१ साली डेव्हनमधल्या नॉर्थॅम गावी जन्मला. घर कष्टकऱ्यांचं, त्यामुळे शाळा लवकर सुटली. जवळच 'वेस्टवर्ड हो!' नावाच्या गावाचं गोल्फ मैदान. तिथे बॅगा उचलल्या, एका बड्या घरी बूट पुसले, गवंड्याच्या हाताखाली राबला. सैन्यात जायचं होतं, पण नजर कमी म्हणून घेतलं नाही. मग तो त्याच मैदानाची निगा राखणाऱ्या माणसांत लागला. म्हणजे तुम्ही करता तेच काम.

तिथून तो क्लबचा 'प्रो' झाला. त्या काळचा प्रो म्हणजे क्लबचा नोकर. मेंबरांना शिकवायचं, मोडलेल्या स्टिका दुरुस्त करायच्या, चेंडू विकायचे. क्लबहाउसात मात्र मेंबरांच्या बरोबरीने बसायची सोय नाही. टेलरने बर्नहॅम, विंचेस्टर, विम्बल्डन अशा नोकऱ्या केल्या आणि १८९९ मध्ये रॉयल मिड-सरे क्लबात गेला, तो थेट १९४६ पर्यंत तिथेच राहिला. ओपन जिंकला तो या नोकऱ्या सांभाळून : १८९४, १८९५, १९००, १९०९, १९१३. पहिल्या विजयाचं बक्षीस होतं ३० पौंड. दोन विजयांमध्ये कधी पाच, कधी नऊ वर्षं गेली. तेवढा काळ घर बक्षिसावर चालत नसतं. चूल पेटत होती ती पगारावर, शिकवणीवर आणि कॅन नावाच्या भागीदाराबरोबर काढलेल्या स्टिका बनवण्याच्या धंद्यावर.

१९१३ ची, होयलेकच्या मैदानावरची ओपन मुलाला जरूर सांगा. टेलर तेव्हा ४२ वर्षांचा. पात्रता फेरीत शेवटच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, मारलेला चेंडू भोकात पडला म्हणून जेमतेम आत आला. मग वादळी वारा सुटला. टोपी कपाळावर ओढून, दोन्ही पाय जमिनीत रोवून तो चेंडू वाऱ्याखालून मारत राहिला आणि ८ स्ट्रोकनी, म्हणजे दुसऱ्यापेक्षा ८ फटके कमी मारून जिंकला. असा वारा त्याला नवा नव्हता, समुद्राकाठच्या मैदानावरच तो वाढला होता.

मला स्वतःला त्याचं १९०१ चं काम जास्त मोठं वाटतं. काही क्लब प्रोच्या हातातून चेंडू-स्टिकांचं दुकान काढून घेऊ लागले होते आणि त्याच दुकानावर प्रोची बरीचशी कमाई असायची. तेव्हा या प्रो मंडळींनी स्वतःची संघटना उभारली, आजची पीजीए (प्रोफेशनल गोल्फर्स असोसिएशन). टेलर तिचा पहिला चेअरमन. ही गोष्ट मेंबरसाहेब सहसा सांगत नाहीत, असो!

आपल्याकडेही उदाहरण आहे. गोल्फर एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात ग्रीनकीपर, म्हणजे मैदानाची निगा राखणारे होते. पोरगा बघून बघून शिकला आणि २०१६, २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. तेव्हा माळ्याच्या मुलाने हे स्वप्न बघूच नये, असं मी म्हणणार नाही.

पण कॉलेज सोडू देऊ नका. बारावी होऊ द्या. कॅडींना खेळायला कोणता दिवस मोकळा असतो, हे क्लबात विचारा. त्या दिवशी त्याने १८ होलची पूर्ण फेरी खेळावी आणि प्रत्येक फेरीच्या फटक्यांची नोंद असलेलं कार्ड मेंबर किंवा प्रोकडून सही करून घ्यावं. 'हात बसलाय' यावर कुणी स्पर्धेत घेत नाही, आकडा लागतो. व्यावसायिक टूरसाठी, म्हणजे बक्षिसाच्या स्पर्धांच्या मालिकेसाठी, ती चालवणाऱ्या पीजीटीआय या संस्थेची पात्रता फेरी असते. तिची फी, प्रवास, राहणं हे सगळं खिशातून जातं, म्हणून हौशी स्पर्धांत स्कोअर दिसेपर्यंत कर्ज काढून तिकडे पाठवू नका.

त्याच वेळी दुसरा हात तयार ठेवा. क्लबच्या प्रोकडे ग्रिप (स्टिकेच्या मुठीचं आवरण) बदलणं, स्टिक दुरुस्ती शिकू द्या. शिकवायची आवड असेल तर नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे प्रशिक्षकांसाठीचे अभ्यासक्रम आहेत. आणि गवत, पाणी, माती यातलं तुम्हाला जे कळतं ते त्याला शिकवायला लाजू नका. चांगला ग्रीनकीपर कुठल्याही कोर्सला हवाच असतो.

सहा महिन्यांनी कार्डं घेऊन दोघंही या. क्लबात काही काम देऊ केलं, तर पगार आणि कामाचे तास कागदावर लिहून घ्या, तो कागदही आणा.