‘क्वासिपार्टिकल’: अर्धकण, आभासी कण की आणखी काही?

इंदूरच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे: बारावीच्या मुलांना ‘क्वासिपार्टिकल’ (पदार्थातल्या असंख्य कणांच्या एकत्रित वागण्याला जणू एकच कण मानायची भौतिकशास्त्रातली कल्पना) मराठीत सांगताना ‘अर्धकण’ म्हणावं की ‘आभासी कण’?

ताई, मला दोन्ही पटत नाहीत. ‘अर्धशासकीय’, ‘अर्धन्यायिक’ हे आपल्याकडे हिंदीतून रोज कानावर पडतं, म्हणून ‘अर्धकण’ सहज सुचतो. पण इथे अर्धं काहीच नसतं. 1982 साली उजेडात आलेल्या अपूर्णांकी क्वांटम हॉल परिणामात (तीव्र चुंबकीय क्षेत्रात, अतिथंड पातळ थरातल्या इलेक्ट्रॉनांत तो दिसतो) तर इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश विद्युतभाराचे क्वासिपार्टिकल असतात; त्यांना अर्धकण म्हटलं तर मुलं गोंधळणारच. ‘आभासी कण’ हा शब्द व्हर्च्युअल पार्टिकलसाठी, म्हणजे कणांच्या परस्परक्रियेच्या गणितात मध्यस्थ म्हणून येणाऱ्या कणांसाठी, वापरात आहे आणि तो विषय निराळा.

मुळात गोष्ट अशी. घन पदार्थात असंख्य इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असतात, प्रत्येकाचा हिशेब ठेवणं अशक्य. रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लान्दाऊ यांनी 1941 मध्ये अतिप्रवाही (घर्षणाविना वाहणाऱ्या) हेलियमसाठी आणि 1956 मध्ये परस्परांवर बल लावणाऱ्या फर्मिऑनांच्या (इलेक्ट्रॉनसारख्या कणांच्या) द्रवासाठी दाखवलं, की या सगळ्या गर्दीची हालचाल थोड्याशा, जवळपास स्वतंत्र ‘कणांची’ म्हणून मांडता येते. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकातला इलेक्ट्रॉन, भोवतालच्या स्फटिकाच्या परिणामामुळे, मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या जेमतेम 0.067 पट वस्तुमानाचा असल्यासारखा वागतो. किंवा अर्धवाहकातला ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, घ्या: पंगतीत एक पाट रिकामा असावा, शेजारचा तिथे सरकावा, मग त्याच्या शेजारचा, रिकामी जागा उलट दिशेने चालत जाते. तसा हा होल धनभार घेऊन चालतो.

म्हणजे यांना ऊर्जा आहे, संवेग आहे, वस्तुमान मोजता येतं. मात्र पदार्थाबाहेर त्यांना अस्तित्व नाही आणि बहुतेकांचं आयुष्य मर्यादित असतं. सिंक्रोट्रॉन या, वेगवान इलेक्ट्रॉनांपासून प्रखर प्रकाश मिळवणाऱ्या यंत्राच्या प्रकाशाने (आपल्या इंदुरात तसं ‘इंडस-2’ आहेच) पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उसळवले की त्यांच्या ऊर्जेच्या वर्णपटातल्या शिखराच्या रुंदीवरून ते आयुष्य ताडता येतं: शिखर जितकं रुंद, तितकं आयुष्य कमी.

एवढं सगळं पेलणारा प्रत्यय संस्कृतात तयार आहे: ‘कल्प’. पाणिनीने तो ‘ईषदसमाप्तौ’, म्हणजे पूर्णत्वाला किंचित उणं असताना, सांगितला आहे. ‘मृतकल्प’, म्हणजे जवळपास मेलेला, त्यातलाच. कायद्याच्या मराठीत ‘न्यायिककल्प’ (क्वासि-ज्युडिशियल), ‘संविदाकल्प’ (क्वासि-कॉन्ट्रॅक्ट) रुळलेही आहेत. म्हणून मी ‘कणकल्प’ म्हणेन. फोनॉन (स्फटिकाच्या कंपनांचा कणकल्प), मॅग्नॉन (चुंबकीय लहरींचा), एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन-होल जोडीचा) ही नावं मात्र तशीच ठेवा. त्यांची भाषांतरं करत बसू नका.