सर्फिंग शिकायला जायचंय? आधी महिना सांगा, मग गाव सांगतो

या वेळेस वाचकांचे सगळे प्रश्न एकाच विषयावर आलेत. पहिल्यांदा सर्फिंग शिकायला कुठे जायचं? नागपूरहून कुठल्याही समुद्रावर जायचं म्हटलं तर एक रात्र तरी प्रवासात जाते, सुट्टी मोजकीच मिळते, त्यामुळे ठिकाण चुकलं की वर्षभर पुन्हा योग येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो.

धरमपेठहून एक ताई विचारतात : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं नवराबायको चार दिवस सर्फिंग शिकायचं म्हणतोय. चेन्नईला थेट गाडी आहे म्हणून तिकडचंच बघून राहिलो. ठीक राहील ना?

ताई, गाडी थेट आहे हे खरं, जीटी नाहीतर तामिळनाडू एक्सप्रेसमध्ये बसलं की झालं, पण दिवाळीत तिकडे नका जाऊ. आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस, बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे दिवसही तेच, पाणी गढूळ आणि लाटा कुठूनही कशाही येतात. चार दिवसांतले दोन हॉटेलच्या खिडकीत बसून गेले तर फार वाईट वाटेल.

त्याच दिवसांत पश्चिम किनारा मात्र एकदम निवांत झालेला असतो. माझी पसंती मुल्की. कर्नाटकात मंगळुरू आणि उडुपीच्या मधे, शांभवी नदी समुद्राला मिळते तिथलं छोटंसं गाव. २००४ साली सुरू झालेला मंत्रा सर्फ क्लब इथलाच, देशातल्या सगळ्यात जुन्या सर्फ शाळांपैकी एक. तळाला वाळू, गर्दी कमी, आणि समुद्र अगदीच सपाट असला तर नदीत पॅडलिंगची, म्हणजे बोर्डावर पालथं पडून हातांनी पाणी मागे सारायची, प्रॅक्टिस होते, म्हणजे दिवस वाया जात नाही. पोचायला थोडं लांब पडतं, मुंबई किंवा बंगळुरूमार्गे मंगळुरूचं विमान, पुढे तासाभराची टॅक्सी. तेवढं जमत नसेल तर उत्तर गोव्यात मांद्रे, आश्वे, मोरजी. तिथे हिवाळ्यात लाटा गुडघ्याएवढ्या, कधीकधी तेवढ्याही नाही, पण पहिल्यांदा उभं राहायला तेवढी लाट पुरते.

मनीष नगरहून एक बाबा : मुलं १० आणि १३ वर्षांची. आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि जूनमध्ये गोवा स्वस्त मिळतो. तेव्हा नेऊ का?

गोव्याला नका नेऊ दादा, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो. बाकी महाराष्ट्रापेक्षा आपली सुट्टी आठ-दहा दिवस जास्त चालते, त्यामुळे दरवर्षी आपल्याकडची कितीतरी कुटुंबं नेमकी पाऊस लागल्यावर पश्चिम किनाऱ्यावर पोचतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्यात माशांच्या विणीचं कारण आहे तसं खवळलेल्या समुद्राचंही आहे. जन्म समुद्रावर काढलेली माणसं जिथे बोट घालत नाहीत तिथे आपण शाळकरी पोरांना फळीवर चढवायचं नसतं. लाटा मोठ्या, आणि किनाऱ्यालगतची ओढ आत खेचणारी. आपलं कोकणही तेव्हा बंदच समजा, तारकर्ली-मालवणचं स्कूबासुद्धा पावसाळ्यात थांबतं.

जूनमध्येच जायचं असेल तर मग पूर्व किनारा. चेन्नईपासून साधारण ४० किलोमीटरवर ईस्ट कोस्ट रोडला कोवलम आहे, पुढे महाबलीपुरम. कोवलम मूळचं मच्छीमारांचं गाव, गावातलीच पोरं आता सर्फिंग शिकवतात आणि फार मनापासून शिकवतात. नैऋत्य मोसमी वारा तिथे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे सकाळी लाट स्वच्छ, आखल्यासारखी येते. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की सगळं विस्कटतं. म्हणून क्लास सहा ते आठचाच घ्या, नंतर ऊनही आपल्याइतकंच तापतं आणि वर घामाची चिकचिक. या दिवसांत तिकडे लाटा कधीकधी मोठ्या असतात, शिकवणारा म्हणाला आज पोरांना नको तर त्याच्याशी वाद घालू नका, पैसे गेले तरी चालतील.

सक्करदऱ्याहून, वय ४६ : मला पोहता येत नाही. तरी लोक म्हणतात कमरेएवढ्या पाण्यातच शिकवतात, काही होत नाही. खरं आहे का?

कमरेएवढ्या पाण्यात शिकवतात हे खरं. काही होत नाही हे खरं नाही.

पहिला क्लास कसा असतो ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. आधी वाळूवरच. बोर्ड ठेवतात, त्यावर पालथं झोपायचं, हात छातीच्या बाजूला टेकवून एका झटक्यात उभं राहायचं, गुडघे वाकलेले, नजर समोर. पायाकडे बघितलं की माणूस पडतोच. हे दहा-पंधरा वेळा झालं की पाण्यात, जिथे लाट आधीच फुटलेली असते आणि नुसता पांढरा फेस किनाऱ्याकडे येत असतो तिथे. शिकवणारा मागून बोर्ड धरतो, फेस आला की ढकलतो आणि ओरडतो, उठा! बोर्ड मऊ फोमचा, आठ-नऊ फुटी, घोट्याला दोरीने बांधलेला. पडताना पाठीवर पसरट पडायचं, सूर मारायचा नाही, आणि वर येताना हात डोक्यावर, कारण बोर्ड कुठे आहे ते तुम्हाला दिसत नसतं. बोर्ड तुमच्या आणि लाटेच्या मधे कधीच घ्यायचा नाही, तसं केलं की लाट तोच तुमच्या तोंडावर आणून आदळते.

आता यात पोहणं कुठे लागतं? दोन लाटांच्या मधे तळ पायाखालून सरकतो तेव्हा. परतणारं पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेने जोरात आत जातं, त्यालाच रिप करंट म्हणतात, त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झटायचं नसतं, दमून जाल. बोर्डाला चिकटून राहायचं, हात वर करून बोलवायचं, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या वाटेतून बाजूला व्हायचं. हे डोकं शांत ठेवून करायचं तर नाकातोंडात पाणी गेल्यावर घाबरून न जाण्याची सवय लागते, आणि ती सवय स्विमिंग टँकवरच लागते. ४६ हे वय अजिबात जास्त नाही. जायच्या दोन-तीन महिने आधी टँक लावा, पाठीवर तरंगणं आणि न थांबता शंभर मीटर एवढं जमवा, मग तिकीट काढा. अंबाझरी-फुटाळ्यात उतरून प्रॅक्टिस करायच्या भानगडीत पडू नका, तलावाचा तळ कळत नाही. घरी रोज सतरंजीवर तो उठायचा झटका मात्र मारत राहा, खांद्यांना फार फायदा होतो.

त्रिमूर्ती नगरहून एक तरुण : बजेट आहे, पासपोर्ट आहे. बाली की श्रीलंका? रील्समध्ये बाली भारी दिसून राहिलं.

रीलमधल्या त्या निळ्याशार पोकळ लाटा बहुतेक उलुवातूसारख्या जागांच्या असतात. तिथे खाली प्रवाळाचा खडक आहे, नवीन माणसाने तिथे काठावर बसून बघावं. बालीत शिकायचं तर कुटाचा वाळूचा किनारा. पण माझं मत विचारशील तर पहिल्या वेळेसाठी श्रीलंका. नागपूरहून चेन्नई आणि तिथून कोलंबोची फ्लाइट दीड तासाच्या आतबाहेर, खर्च बराच वाचतो. तिथेही महिना बघ. नोव्हेंबर ते एप्रिल दक्षिणेला वेलिगामा, लांबलचक वाळूचा अर्धगोल उपसागर, हळू येणाऱ्या लाटा, जगभरातले नवशिके तिथेच शिकतात. मे ते सप्टेंबर मात्र तिथे पाऊस आणि वारा, तेव्हा पूर्वेकडचं अरुगम बे चालतं. पण तिथला मुख्य पॉइंट जमणाऱ्यांसाठी आहे, नवीन लोकांना जवळपासच्या सोप्या जागी नेतात, बुकिंग करताना तसं विचारून घे.

गोधनीहून : कोवलमचं हॉटेल बघितलं तर कुठे केरळ दिसते, कुठे तामिळनाडू. नेमकं कोणतं?

दोन वेगळी गावं आहेत हो! वर चेन्नईजवळचं सांगितलं ते एक, दुसरं केरळात तिरुवनंतपुरमजवळ. दोन्हीकडे सर्फिंग शिकवतात म्हणून घोळ होतो, आणि दोघांत सातशे किलोमीटरच्या वर अंतर. हॉटेलचा पिनकोड बघा, ६०३ ने सुरू झाला तर चेन्नईकडचं, ६९५ असेल तर केरळ. त्यांचे महिनेही उलटे. केरळातलं नोव्हेंबर ते मार्च चांगलं, जूनमध्ये नाही.

वर्धा रोडहून : लाटांचा अंदाज देणाऱ्या अ‍ॅपमध्ये लाट १ मीटर दाखवते. नवीन माणसाला चालेल का?

नुसती उंची बघू नका, शेजारी सेकंद लिहिलेले असतात ते बघा. दोन लाटांमधला तो वेळ. १ मीटर आणि ६ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेली लाट, खडबडीत पण जोर कमी. तीच १ मीटर १५ सेकंदांची असेल तर ती हजारो किलोमीटरवरच्या वादळातून आलेली असते, किनाऱ्यावर येताना उंच होते आणि चांगलाच दणका देते. केरळात आकाश निरभ्र असताना अचानक पाणी आत शिरतं, त्याला तिकडे कल्लक्कडल म्हणतात, ते असल्याच दूरच्या लाटांमुळे. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते, जायच्या आदल्या दिवशी तेवढं बघाच. इशारा असेल तर बोर्ड हातात घ्यायचा नाही, शाळावाला काहीही म्हणो.

शेवटचा, प्रतापनगरहून : स्वतःचा बोर्ड घेऊन जाऊ का?

नको. शाळेच्या फीमध्येच बोर्ड मिळतो आणि नऊ फुटाची फळी रेल्वेच्या डब्यात कुठे ठेवाल? पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा शर्ट घ्या, मेण लावलेल्या खरखरीत बोर्डावर पोट सोलून निघतं ते वाचेल. झिंकवालं सनस्क्रीन घ्या. आणि बुकिंगआधी शाळेला फोन करून विचारा की एका शिकवणाऱ्यामागे किती जण असतात. चारच्या वर सांगितले तर दुसरी शाळा बघा.